शतावरी सुकते तेव्हा

उन्हाळा तापू लागला की शतावरीचा वेल आधी पिवळा पडतो, मग झडतो आणि बघता बघता नुसत्या काटेरी काड्या उरतात. इथेच घात होतो. कुणी घाबरून सकाळ-संध्याकाळ पाण्याचा मारा करतं, कुणी ‘गेली’ म्हणून उपटून टाकतं. वर दिसतो तो वेल म्हणजे तिचं हंगामी बिऱ्हाड. खरी शतावरी खाली, बोटाएवढ्या जाड, पांढरट मुळ्यांच्या घोसात असते. शंका आलीच तर माती थोडी उकरून एक मुळी दाबून बघावी. टणक लागली तर झाड झोपलंय. मऊ, पाणचट लागली आणि वास आला तर ती कुजलीय, आणि दोष बहुतेक वेळा पाण्याचाच.

पानं म्हणून आपण जी सुईसारखी हिरवी झुपकी बघतो, ती मुळात पानं नाहीतच, त्या बारीक फांद्या आहेत. खऱ्या पानांचे झालेत खवले आणि काटे. काटे मागे वळलेले. हात आत सहज जातो, बाहेर काढताना बाही अडकते. छाटणीला जाड हातमोजे हवेतच.

कुंडी किमान सोळा इंच खोल घ्यावी. उथळ कुंडीत मुळ्या तळाशी गुंडाळल्या जातात आणि वेल रोडावतो. दोन भाग माती, एक भाग जाडी वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. ओलं शेण मुळीच नको. वाढीच्या दिवसांत वरची इंचभर माती कोरडी झाली की पाणी, सुप्तीत पंधरा दिवसांतून एकदा पुरे.

बी पेरायचं तर लाल पिकलेल्या फळांतलं ताजं घ्यावं. गर चोळून काढायचा, काळं टणक बी दिवसभर पाण्यात भिजवायचं आणि सेंटिमीटरभर खोल पेरायचं. त्यानंतर धीर. तीन आठवड्यांत एखादं उगवतं, दुसरं दीड महिन्यानं, तेही केसासारखं बारीक. तण समजून खुरपलं जाण्याची शक्यता दांडगी. घाई असेल त्याने जुन्या झाडाचा गड्डा पावसाच्या तोंडावर विभागावा. प्रत्येक तुकड्याला दोन तरी डोळे आणि चार-पाच मुळ्या हव्यात. नुसती मुळी लावली तर ती फुटत नाही, कारण डोळे गड्ड्यावर असतात, मुळीवर नव्हे.

पाऊस पडला की जाड कोंब वर येतात आणि रोज ठळक वाढतात. मांडव किंवा काठ्या त्याआधीच उभ्या कराव्यात. नंतर काठी खुपसताना मुळ्या चिरडतात आणि कोवळा शेंडा मोडतो. शेंडा गेला की तो कोंब उंच जात नाही. गोगलगायींना हे शेंडे फार आवडतात, तेव्हा रात्री बॅटरी घेऊन एक फेरी मारलेली बरी.

मुळ्या काढायच्या तर दीड-दोन वर्षं थांबावं आणि वेल सुकल्यावरच काढाव्यात. बाजूने खणून कडेच्या निम्म्या घ्याव्यात, गड्डा हलवू नये. मुळ्या किंचित उकळल्या की साल सुटते. मधला चिवट दोरा ओढून काढावा. खड्डा कोरड्या मातीने बुजवून आठवडाभर पाणी तोडावं, म्हणजे कापलेल्या जागा सुकतात.