ग्रँड आयलंडला गरवायला जाताय? मग आधी हे वाचा

पाऊस ओसरला की गोव्यात वास्को, सिकेरी, कोको बीच इकडून बोटी ग्रँड आयलंड या बेटाला सुटतात, डॉल्फिन, स्नॉर्केलिंग आणि त्याच पॅकेजमध्ये फिशिंग. आम्ही इथले लोकही रविवारी गरी, म्हणजे गळ, घेऊन जातोच, त्यात वाईट काही नाही. पण बेटाच्या खडकांतली मासळी आणि भर दर्यातली मासळी यात मोठा फरक आहे, तो कळला नाही तर नियम म्हणजे नुसती कटकट वाटते.

बांगडे, तारले थव्याने फिरतात, आज इथे तर उद्या कारवारकडे. गोबरा (इंग्रजीत ग्रूपर) तसा नाही, तो एक कपार धरतो आणि तिथेच राहतो. त्यात गोबऱ्याच्या बहुतेक जाती आधी मादी असतात आणि वाढल्यावर त्यातले काही नर होतात. म्हणजे सगळे मोठे मोठे काढले तर नर संपले, आणि वीतभर पिल्लं काढली तर अंडी घालायच्या आधीच माद्या गेल्या. एवढ्याशा बेटाभोवती दर रविवारी हेच चाललं तर तिथे राहणार काय, तुम्हीच सांगा.

गेल्या सीझनला आमच्या होडीवर एका पाहुण्याच्या गरीला असंच पिल्लू लागलं, तपकिरी अंग, त्यावर ठिपके, तोंड मात्र अंगाच्या मानाने केवढं तरी मोठं. पाहुणा फोटो काढत बसला तर होडीवाला म्हणाला, "सोड रे ताका, ल्हान आसा." मग त्याने स्वतःच हात समुद्राच्या पाण्यात बुडवून ओला केला, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि गरी जबड्याच्या कडेलाच होती ती अलगद मागे फिरवून काढली. गरी खोल गिळलेली असेल तर ओढाओढ न करता दोरा तोंडाजवळ कापायचा हेही त्यानेच सांगितलं. मला हे फार आवडलं, कायद्याचा धाक न घालता त्याने पाहुण्याला शिकवलं.

कायदा तर आहेच. गोव्याचा सागरी मासेमारी कायदा १९८० चा, आणि तो काही वरून आपोआप आलेला नाही. ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन जाळी फाडत होते, मासळी ओरबाडून नेत होते, त्याविरुद्ध रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून रापण हे मोठं जाळं ओढणारे पारंपरिक मच्छीमार, सत्तरच्या दशकात रस्त्यावर उतरले, त्यांचे नेते मथानी साल्ढाणांसारखे लोक पुढे होते, तेव्हा कुठे किनाऱ्याजवळचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखला गेला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, कारण पुष्कळ मासळीचा अंडी घालायचा काळ तोच. एलईडी दिवे लावून मासेमारी करण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली. त्या उजेडाला मोठ्या मासळीबरोबर पिल्लंही खेचली जातात आणि सगळं एका जाळ्यात येतं. हे बंद व्हायलाच हवं, यात मला तरी दुसरी बाजू दिसत नाही.

नांगराकडे मात्र फार कमी लोक लक्ष देतात. ग्रँड आयलंडच्या खडकांवर प्रवाळ आहे, जिवंत आहे, आणि दगडासारखं दिसणारं प्रवाळ वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, तुकडा आठवण म्हणून उचलून आणणं हासुद्धा गुन्हा. त्यावर नांगर पडला की वर्षानुवर्षं वाढलेलं मिनिटात मोडतं. म्हणून बुकिंग करतानाच विचारा, नांगर वाळूत टाकणार ना, लहान मासा लागला तर सोडणार ना. नीट उत्तर नाही मिळालं तर दुसरी होडी बघा, मडगावपासून म्हापशापर्यंत ओळखीतलं कोणी ना कोणी नंबर देतंच. आणि बाजारात नुस्तेकान्नीच्या, म्हणजे मासे विकणाऱ्या बाईच्या, पाटीत वीतभर गोबरे दिसले तर घेऊ नका, तिला सांगाही की बाय, हे लहान आहेत म्हणून नको, मोठा बांगडा दे. गिऱ्हाईक काय मागतं हे ती पहाटे लिलावाला जाताना बरोबर लक्षात ठेवते.