डूममधला इम्प आणि ऑल्टचं बटण

सत्त्याण्णव सालची दिवाळीची सुट्टी. सांगलीला मावसभावाचं डीटीपीचं दुकान होतं. संध्याकाळी शेवटच्या पत्रिकेचं ट्रेसिंग निघालं की दादा चहाला जायचा आणि कॉम्प्युटर माझ्या ताब्यात यायचा. त्यात 'डूम' हा राक्षसांना गोळ्या घालायचा गेम होता. आयडी सॉफ्टवेअरने डिसेंबर १९९३ मध्ये काढलेल्या या गेमचा नऊ नकाशांचा, म्हणजे नऊ टप्प्यांचा, पहिला भाग फुकट वाटायला परवानगी होती, त्यामुळे फ्लॉप्या हातोहात फिरायच्या.

पहिल्याच नकाशात मी चार दिवस अडकलो. हिरव्या विषारी रसायनाच्या तळ्यावरून एक नागमोडी वाट जाते आणि पलीकडे उंचावर इम्प नावाचा राक्षस उभा असतो. तपकिरी अंग, खांद्यांवर काटे, हातात आगीचा गोळा. तो गोळा फेकायचा, मी सरळ मागे यायचो, गोळाही सरळ मागे यायचा. वाट सुटली की तळ्यात. बरं, वर बघायची सोयच नाही, म्हणून मला वाटायचं की माझ्या गोळ्या त्याच्या पायाखालून जात असणार. प्रत्यक्षात समोर नेम धरला की गेम स्वतःच नेम वर उचलतो. हे कळेपर्यंत दोन दिवस मी पिस्तूल झाडायचंच टाळत होतो!

दादाने एकदा मागे उभं राहून बघितलं आणि म्हणाला, "अरे, मागं काय सरतोस? बाजूला हो की." ऑल्ट दाबून बाण दाबला की माणूस वळत नाही, खेकड्यासारखा आडवा सरकतो. झालं, डाव्या हाताची गाठ बसली: करंगळी कंट्रोलवर गोळीसाठी, अंगठा ऑल्टवर, आणि पळायचं तर शिफ्टही त्याच हाताने.

मग इम्प उलगडत गेला. बंदूकवाल्या झोंब्याची गोळी सुटली की लागलीच, चुकवता येत नाही. इम्पचं तसं नाही. हात उचलल्यापासून गोळा सुटेपर्यंत जवळजवळ अर्धा सेकंद जातो, आणि तुम्ही त्या क्षणी जिथे आहात तिथेच तो फेकतो, पुढे कुठे असाल याचा हिशोब करत नाही. नुसतं चालत मागे गेलात तर गोळा गाठतो, शिफ्ट दाबून पळालात तर तुम्ही गोळ्यापेक्षा वेगवान. माझ्या मागे मात्र नेमकी भिंत असायची.

गेमचा मूळ कोड सत्त्याण्णवच्याच डिसेंबरात खुला झाला. त्यातले आकडे मी फार नंतर वाचले. इम्पची ताकद ६०, पिस्तुलाची एक गोळी ५, १० किंवा १५ ने ती कमी करते, म्हणजे सरासरी सहा गोळ्या. त्याचा एक गोळा आपल्या शंभरातले ३ ते २४ नेतो. आणि गोळी लागली की तो बहुतेक वेळा कळवळतो, उचललेला हात तसाच राहतो. म्हणूनच घाबरून धडाधड कंट्रोल दाबणारा मी कधीकधी जिंकत होतो, त्यात कौशल्य काही नव्हतं.

शॉटगन मिळाल्यावर प्रकरण सोपं झालं. जवळ जाऊन एक बार, क्वचित दोन. त्याच्या गोळ्यासमोर मधे झोंबी आणला की ते दोघं आपसात भांडायचे, हा माझा लाडका उद्योग. दोन इम्पमध्ये हे जमत नाही, एकाचा गोळा दुसऱ्याला लागत नाही. स्फोटक पिंपाशेजारी उभं राहून गोळा चुकवण्याची हुशारीही मी एकदा केली. गोळा चुकला, पिंपाला लागला.

सुट्टी संपताना आठवा नकाशा झाला. पुढे कधीतरी 'नाइटमेअर' पातळी लावून पाहिली. तिथे इम्पच्या गोळ्याचा वेग दुप्पट असतो आणि मेलेले राक्षस परत उठतात. पहिल्या नकाशाच्या त्या नागमोडी वाटेवर मी पुन्हा तळ्यात.

दुसऱ्या वर्षी दुकानात गेलो तेव्हा दादाने नवा कीबोर्ड घेतलेला होता. जुन्याचं डावं ऑल्ट आत गेलं की वर यायचं नाही म्हणे. मी काही बोललो नाही.