भिंत उघडली तो दिवस

गुरुजींचं काम माझ्याकडे आलं तेव्हा यादीत चारच गोष्टी होत्या: मधल्या घराला पीओपीचं छत, भिंतींना पीव्हीसी पॅनेल, एसीची जागा आणि देवघर. अमळनेरहून चोपड्याकडे निघालं की तापीच्या अलीकडे त्यांचं गाव. घर धाब्याचं, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर असलेलं, पाच खणांचं, पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंतींचं. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचं लग्न डिसेंबरात होतं.

पॅनेल हवी होती ती लोणा झाकायला. कमरेइतक्या उंचीपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटले होते आणि खाली पांढरी भुकटी पडत होती. आजी रोज सकाळी ती झाडून सुपलीत भरत. मी होकार देऊन आले होते. बारा वर्षांच्या कामात लोणा लागलेल्या कितीतरी भिंती मी अशाच झाकल्या आहेत, हे इथे सांगायलाच हवं.

मे महिन्याचा मध्य, बाहेर ४४ अंश. पॅनेलची चौकट ठोकायच्या आधी माझ्यासोबतचे गवंडीबाबा भिंत बोटांनी वाजवत वाजवत पुढे सरकत होते. एका जागी थांबले. "ताई, इथे पोकळ वाजतंय. चौकट मारण्याआधी दोन फूट प्लास्टर काढू द्या."

छिन्नीच्या तिसऱ्या-चौथ्या घावाला सिमेंटचा अख्खा पापुद्रा सुटून खाली आला. मागून ओल्या, कुबट मातीचा वास आला. भर मे महिन्यात ती माती हाताने मळता येईल इतकी ओली होती. आणि तिच्यात खांब होता. धाब्याच्या घरात तुळईचा भार भिंतीत बसवलेल्या लाकडी खांबांवर असतो. इथे प्लास्टर करणाऱ्याने भिंत सपाट दिसावी म्हणून खांबावरूनही सिमेंट फिरवलं होतं. बाबांनी खांबाच्या पायाशी छिन्नी टेकवली. ती लाकडात मुठीपर्यंत गेली. सागसुद्धा वर्षानुवर्षं ओलीत कोंडला की कुजतो.

बाबा एवढंच म्हणाले, "सगळे बाहेर व्हा."

धाब्यावर फूटभर माती असली की एका चौरस मीटरला साधारण अर्धा टन वजन होतं. त्या खांबाच्या वाट्याला असे कितीतरी चौरस मीटर होते, आणि आजींची खाट नेमकी त्या तुळईखाली होती. बल्ल्या आणि जॅक लावून तुळईला टेकू देईपर्यंत तासभर गेला. त्या तासात कुणी मोठ्याने बोललं नाही. मी ओट्यावर उभी होते आणि डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: पोकळ आवाज बाबांच्या कानाला लागला नसता, तर संध्याकाळपर्यंत त्या भिंतीवर चकचकीत पॅनेल बसली असती.

नंतर गुरुजींशी बोलताना सगळा उलगडा झाला. बारा वर्षांपूर्वी घर 'पक्कं' केलं होतं. सारवलेली जमीन जाऊन फरशी आली, भिंतींना आतून-बाहेरून सिमेंट लागलं. पुढे समोरचा रस्ता काँक्रीटचा होऊन जोत्याहून वर आला आणि पावसाचं पाणी भिंतीच्या पायाशी थांबू लागलं. मातीच्या भिंतीत जमिनीतली ओल चढतेच. पूर्वी ती सारवणातून, मातीच्या गिलाव्यातून हवेत उडून जायची. तिच्या वाटा बंद झाल्यावर ती भिंतीतच वर चढत राहिली, सोबत आणलेला क्षार सिमेंटच्या मागे साठत गेला आणि त्याने प्लास्टर सुटलं. आपण त्याला लोणा म्हणतो आणि भिंतीला दोष देतो.

आजींना हे सांगायला गेले तर त्या माझ्याकडे बघत अहिराणीत म्हणाल्या, "पोरी, भितले बी घाम येस. तिन्हं तोंड दाबी टाकं, मंग तो घाम कथा जाई?"

मुलाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तो चिडलेला होता. "ताई, मी इंटिरिअरसाठी बोलावलं आणि तुम्ही घर सोलून ठेवलंत." त्याचा राग मला समजत होता. त्याने स्वतःच पर्यावरणपूरक साहित्य वापरा म्हणून सांगितलं होतं, त्यासाठी लांबून बांबूचे तक्ते मागवायचीही त्याची तयारी होती. मी त्याला म्हटलं, दादा, सिमेंटच्या भट्टीला १४५० अंशांची आच लागते, जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. तुमची भिंत गावच्या मातीची आहे, उन्हात वाळलेली. पाडली तरी तिची माती लोक शेतात नेऊन टाकतात. याहून पर्यावरणपूरक काही मी विकत आणू शकत नाही. तो गप्प राहिला. मग मी दोन थर्मामीटर ठेवायला सांगितले, एक मागच्या स्लॅबच्या खोलीत आणि एक मधल्या घरात. चार वाजता गुरुजींनी आकडे फोनवर वाचून दाखवले: ४१ आणि ३४. मधल्या घरात पंखासुद्धा बंद होता. "एसीचं नंतर बघू," एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

उन्हं उतरल्यावर बाबांनी आणि मी नवी यादी केली. खांबाचा कुजलेला दीड फूट कापायचा आणि तिथे काळ्या दगडाचा उंच तळखडा बसवायचा. बाहेर रस्त्याच्या बाजूने चर खणून खडी भरायची. भिंतीलगतची वीतभर फरशी काढून टाकायची. दोन्ही बाजूंचं सिमेंट उतरवून भिंत आधी मनसोक्त सुकू द्यायची, मगच गव्हाचा भुसा आणि शेण घालून आठवडाभर मुरवलेल्या गाऱ्याचा गिलावा, आणि दसऱ्यानंतर चुन्याची सफेदी. पाऊस आत झिरपू नये म्हणून मृगाच्या आधी धाब्यावर खारी माती हवीच. ती किती ट्रॉल्या लागेल यावर बाबा आणि गुरुजी बराच वेळ वाद घालत बसले.

आजींची खाट अंगणात काढली होती. मी निघताना त्यांनी हाक मारली, "खांब उभा शे ना, पोरी?"

टॉर्च घेऊन आत गेले. चारही टेकू हाताने हलवून पाहिले आणि बाहेर येऊन त्यांना सांगितलं, "शे, आजी."