जपानमधल्या डबा व्हॅन आणि आमची भाड्याची गाडी

ताकायामाला पहिल्याच सकाळी हॉटेलबाहेर एक पांढरी चौकोनी व्हॅन उभी होती, बायको म्हणाली अहो ही तर आपली ओमनी! जवळ जाऊन बघितलं तर सुझुकी एव्हरी. म्हणजे नातं खरंच आहे, आपली ओमनी सुझुकीच्या कॅरीवरूनच आली, आणि एव्हरी त्याच घरातली. बाबांनी आमची ओमनी बारा वर्षं चालवली, त्यामुळे मी तिथे बराच वेळ बघत उभा राहिलो.

मग पुढचे आठ दिवस व्हॅनच बघत होतो. पिवळी नंबरप्लेट म्हणजे केई गाडी: इंजिन ६६० सीसीपर्यंत, लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, याच्या वर नाही. काळी प्लेट पिवळी अक्षरं म्हणजे तीच केई पण धंद्याची, पार्सलवाले वगैरे. भातशेतीच्या कडेला तर छोटा उघडा ट्रक, केईतोरा म्हणतात, जवळपास प्रत्येक घरासमोर, आणि चालवणारे आजोबा सत्तरीचे तरी असतील. सुतार, प्लंबर यांच्याकडे मात्र टोयोटा हायएस, वर शिडी बांधलेली आणि आत हत्यारं इतकी नीट लावलेली की बघत राहावं.

आता कामाचं. आम्ही चौघं, म्हणून केई व्हॅन घेतली, गल्लीबोळात आणि टोलला मस्त (एक्सप्रेसवेवर केईला टोल कमी लागतो), पण चार माणसं बसली की मागे दोनच मोठ्या बॅगा बसल्या, उरलेल्या दोन बॅगा मुलांच्या पायाशी. तेव्हा माणसं नाही, बॅगा मोजून गाडी ठरवा. जास्त जण असाल तर हायएस घ्या, दहा सीटपर्यंत साध्या लायसन्सवर चालते.

शहरातल्या लिफ्टवाल्या पार्किंगला बऱ्याचदा उंची १.५५ मीटरच चालते, व्हॅन कुठलीही असो, आत जात नाही. आम्हाला कानाझावात दोन ठिकाणांहून परत पाठवलं, म्हणून हॉटेल बुक करतानाच उघडं पार्किंग आहे का ते विचारा.

इंटरनॅशनल परमिट आरटीओतून निघण्याआधीच काढा, एक वर्ष चालतं, सोबत मूळ लायसन्सही ठेवा. गाडी आपल्यासारखीच डावीकडून, पण सिग्नल लाल असताना डावीकडे वळायचं नाही, आणि रेल्वे फाटक उघडं असलं तरी आधी पूर्ण थांबायचं, मगच पुढे.