शब्दखोका: मॉइल आणि त्याची भावकी

इंग्रजी शब्दांचे मराठी प्रतिशब्द कार्डांवर जमवणाऱ्या ठाणे-नवी मुंबईच्या शब्दखोक्यात या खेपेला ‘मॉइल’ची (moil, राबणे) भावकी घेतली आहे. मॉइल, टॉइल (toil), रॉइल (roil) आणि ट्रॅव्हेल (travail) ही कार्डं शाईने पक्की झाली, टर्मॉइलची (turmoil) दोन कार्डं करावी लागली, तर कॉइल (coil) आणि पॉदर (pother) अजून पेन्सिलीत आहेत.

पद्धत नेहमीचीच. ५ × ३ इंची जाड कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द, उच्चार, व्याकरण आणि तो बोलण्यात चालतो की फक्त लिहिण्यात, एवढं येतं. मागच्या बाजूला शब्दाच्या मुळातलं चित्र एका ओळीत, त्याखाली मराठी प्रतिशब्द आणि प्रत्येकाला आपल्या परिसरातलं एक चाचणीवाक्य. वाक्यात जो प्रतिशब्द अडखळतो तो कार्डावर राहत नाही, मग कोशात तो पहिला का दिलेला असेना.

मॉइलचं मूळ ओल्या जागेत आहे. लॅटिन ‘मॉलिस’ म्हणजे मऊ. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘भिजवून मऊ करणे’ हा अर्थ आला आणि इंग्रजीतही सुरुवातीला ‘भिजवणे’ एवढंच होतं. पुढे भिजणं, चिखलात माखणं आणि शेवटी चिखलात राबणं असा तो सरकत गेला. म्हणून नुसतं ‘कष्ट करणे’ लिहिलं की शब्दातली ओल निघून जाते. चाचणीवाक्य ऐरोली-घणसोलीकडच्या खाडीतलं घेतलं: ओहोटीला गुडघाभर चिखलात रुतून, बिळात कोपरापर्यंत हात घालून निवट्या मासे धरणारा माणूस जे करतो ते मॉइल. भाताच्या खाचरातली चिखलणीही चालेल. वाशीच्या बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडीला मात्र टॉइल लावायचं. कष्ट तेवढेच, पण चिखल नाही. अर्थात आजच्या इंग्रजीत हा भेद कुणी काटेकोरपणे पाळत नाही. तो पाळायचा तो आपल्याला मराठी शब्द नेमका सापडावा म्हणून. पक्के झालेले प्रतिशब्द: चिखलात खपणे, राबराब राबणे.

‘टॉइल अँड मॉइल’ ही जोडी एकत्र आली की चित्र बाजूला ठेवायचं, तिथे वजन जोडीच्या ठेक्याला आहे. ‘काबाडकष्ट उपसणे’ तिथे चपखल बसतं. ‘कष्ट आणि मेहनत’ हा शब्दशः उतारा मराठीत मेलेला वाटतो.

मॉइलला दुसरा अर्थ घुसळण्याचाही आहे, विशेषतः अमेरिकी लेखनात. आषाढात येऊरच्या डोंगरावर ढग आतल्या आत घुसळतात, तिथे हे क्रियापद चालतं. हा अर्थ त्याच कार्डावर, पण वेगळ्या क्रमांकाने.

टॉइलचं मूळ तर फारच देखणं आहे. लॅटिनमध्ये ऑलिव्ह चिरडण्याच्या घाण्याला ‘टुडिक्युला’ म्हणत. त्यावरून फ्रेंचमध्ये ढवळणे, घोळ घालणे, आणि इंग्रजीत आधी भांडण-झटापट, मग कष्ट. आपल्याकडे घाण्याला जुंपणं आहेच. दोन भाषांचा इथे काही संबंध नाही, चित्र तेवढं सारखं आहे, आणि म्हणूनच तो प्रतिशब्द पहिल्या वाचनात पटतो. सावध राहायचं ते ‘टॉइल्स’ या अनेकवचनाशी. जाळं किंवा फास या अर्थाचा तो वेगळाच शब्द आहे, लॅटिन ‘टेला’ म्हणजे विणलेल्या कापडावरून आलेला. दोन्ही एका कार्डावर आले की मागची बाजू बिघडते.

सगळ्यात जास्त घसरगुंडी टर्मॉइलवर होते. मॉइल त्याच्या पोटात दिसतो म्हणून ‘टर अधिक मॉइल’ अशी फोड करून मोकळं व्हावंसं वाटतं. पण त्याची व्युत्पत्ती ठरलेली नाही. चक्कीच्या सतत हलणाऱ्या चाडीचं, म्हणजे धान्य ओतायच्या तोंडाचं, फ्रेंच नाव हा एक तर्क आहे, तेवढाच. त्यामुळे मुळाच्या ओळीत ‘अनिश्चित’ लिहून पुढे जायचं. मराठीत मात्र त्याचे दोन तुकडे पडतात: मनातला टर्मॉइल म्हणजे घालमेल, उलघाल, देशातला म्हणजे उलथापालथ, खळबळ. ‘देशात घालमेल झाली’ कानाला खटकतं, म्हणून कार्डं दोन.

रॉइल सोपं निघालं. तळाचा गाळ वर आणून पाणी गढूळ करणं हा मूळ अर्थ आणि ‘ढवळणे’ त्याला जसंच्या तसं लागतं. लाक्षणिक अर्थालाही ‘राजकारण ढवळून निघालं’ तयारच आहे. ट्रॅव्हेल म्हणजे यातनेचे कष्ट, त्याचा पूर्वज तीन खुंटांचं छळयंत्र. या शब्दाला बाळंतपणाच्या वेणा हाही अर्थ आहे, तो विसरू नये. प्रवासाचं ट्रॅव्हल त्याचंच भावंड, पण उच्चार वेगळा लिहायचा.

इंटरनेटवर उदाहरणं शोधताना नुसता ‘मॉइल’ टाकला तर आपल्याकडे आधी नागपूरची मँगनीज कंपनी येते, मग रस्ता फोडणाऱ्या ब्रेकरची टोकदार छिन्नी म्हणजे मॉइल पॉइंट, मग काच फुंकताना नळीला चिकटून राहणारी वाया जाणारी काच. ‘मॉइल्ड’ किंवा ‘मॉइलिंग’ ही रूपं टाकली की बराचसा कचरा गळतो. मराठी बाजू पडताळायला मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येते. तिथला शब्द आज कुणाच्या तोंडी आहे का, हे स्वतंत्रपणे बघावं लागतं.

कॉइल अडला आहे तो शेक्सपिअरमुळे. हॅम्लेटमधलं ‘मॉर्टल कॉइल’ वेटोळ्याचं नव्हे, जगण्याच्या गलबल्याचं मानतात. ‘रामरगाडा’ अर्थाला जवळचा आहे, पण तिथे मृत्यूची गोष्ट चालली आहे आणि रामरगाड्यात ती गंभीरता येत नाही. ‘धबडगा’ थोडा बरा. पॉदरला, म्हणजे उगाचच्या गडबडीला, ‘बाऊ’ लावून पाहिला, पण बाऊ करायला एखादं निमित्त लागतं आणि पॉदर निमित्ताशिवायही चालतो. कुणाला घरातल्या उगाचच्या लगबगीसाठी आगरी किंवा कोळी बोलीतला शब्द ठाऊक असेल तर चाचणीवाक्यासकट पाठवा, पेन्सिलीतलं कार्ड त्यासाठीच थांबवलं आहे.