ग्वाटेमालात विणकाम शिकायला जाताय? संग्रहालय शेवटी ठेवा

वस्त्ररचनेच्या विद्यार्थ्यांना विणकाम शिकायला घेऊन गेले होते. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाहून आल्यापासून ‘कुठे शिकायचं, कसं जायचं’ असे तेच तेच प्रश्न फोनवर येताहेत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आमचा मार्ग असा होता: अँटिग्वा, तिथून जवळचं सान अँतोनियो आग्वास कालिएंतेस, मग आतित्लान सरोवराकाठचं सान हुआन ला लागुना, पुढे केत्साल्तेनांगो (तिथे सगळे त्याला ‘शेला’ म्हणतात), चिचिकास्तेनांगोचा बाजार आणि शेवटी राजधानी ग्वाटेमाला सिटी. एवढी गावं करू नका. आता पुन्हा गेले तर दोनच गावं धरेन आणि दोन्हीकडे मुक्काम ठोकेन. कारण तिथे ‘कार्यशाळा’ नावाखाली दोन फार वेगळ्या गोष्टी मिळतात. एक म्हणजे पंधरा-वीस मिनिटांचं प्रात्यक्षिक, ज्याच्या शेवटी दुकानाचं दार उघडतं. दुसरी म्हणजे खरोखर मागावर बसणं. पहिली फुकट असते. दुसरीला वेळ आणि पैसा दोन्ही लागतं.

सान अँतोनियो अँटिग्वापासून बसनं अगदी जवळ आहे. वस्ती काकचिकेल मायांची, म्हणजे तिथल्या मूळनिवासी माया लोकांपैकी एका समाजाची. चौकाजवळच्या हस्तकला बाजारात विणकर बायका बसलेल्या असतात आणि त्यातल्या काही जणी शिकवतातही. तिथल्या मागाला चौकट नाही, पायानं दाबायच्या पावड्या नाहीत, आपल्या हातमागासारखा खड्डाही नाही. काही काठ्या आणि दोरी, बस्स. एक टोक खांबाला किंवा झाडाला बांधायचं, दुसऱ्या टोकाचा पट्टा कमरेमागून घ्यायचा आणि जमिनीवर चटईवर गुडघे टेकून बसायचं. मागे रेललं की ताणा, म्हणजे उभे धागे, घट्ट, पुढे झुकलं की सैल.

ऐकायला सोपं वाटतं. पण ताण्याचे धागे वर घेणारी दोऱ्याच्या फासांची काठी उचलायची तर आधी पुढे झुकून ताण सोडावा लागतो. मग फट उघडते, तिच्यात तलवारीसारखी लाकडी पट्टी सरकवून ती उभी करायची, पुन्हा मागे रेलायचं, बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा घालायचा, पट्टीनं ठोकायचा. महाविद्यालयातल्या फ्रेमच्या मागावर सुरेख नमुने काढणारी आमची एक मुलगी इथे सगळ्यात जास्त अडली. ती ताकद हातात शोधत होती. शिकवणाऱ्या बाईंनी तिच्या कमरेवरचा पट्टा दोन बोटं खाली ओढला आणि खांद्याला धरून मागे रेलवलं. त्यानंतर काठ सरळ यायला लागले. हा पट्टा पोटाच्या उंचीवर चढू देऊ नका. तो नितंबांच्या हाडावर बसला पाहिजे, नाहीतर संध्याकाळी पाठ धरते.

या गावाची खासियत म्हणजे ‘मार्कादोर’ हे काम. विपील, म्हणजे तिथल्या बायकांचा पोलक्यासारखा वरचा पेहराव, त्यावर फुलं, पक्षी, फळं असतात आणि ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसतात. पैठणी घेताना आपणही पदर उलटा करून बघतोच, त्यामुळे मुलांना वाटलं हे ओळखीचं आहे. तसं नाही. पैठणीत रंगीत धागा हाच बाणा असतो, तो शेजारच्या रंगात अडकवत न्यायचा. इथे मूळ कापडाचा बाणा वेगळा चालतो आणि नक्षीचा जादा धागा बोटांनी ताण्याच्या धाग्यांभोवती फिरवून घालतात. कागदावर आलेख नाही, समोर फार तर एखादा जुना नमुना. धागे मोजतच पुढे जायचं. आमच्या एकाच्या पक्ष्याची चोच एका धाग्यानं सरकली होती. बाईंनी वरून पाहिलंच नाही. कापडाखाली हात घालून उलटी बाजू चाचपली, नेमक्या ओळीवर थांबल्या आणि तिथपर्यंतचं सगळं उसवलं. तो बिचारा बघत राहिला. दुपारभराचं काम गेलं, पण तिथून पुढे त्याचा हात आपणहून खाली जायला लागला.

भाषेचं सांगायचं तर बहुतेक शिक्षिकांना स्पॅनिश येतं, पण एकमेकींशी त्या काकचिकेलमध्ये बोलतात. इंग्रजीवर विसंबू नका. निदान शंभरपर्यंतचे स्पॅनिश आकडे पाठ करून जा, कारण शिकवणं म्हणजे मुख्यतः धागे मोजणं. वयानं मोठ्या बाईंना ‘डोन्या’ म्हणायचं. वर्ग ठरवताना सुताचे आणि मागाच्या सामानाचे पैसे धरलेत का, ताणा तयार मिळणार की तुम्हीच लावायचा, हे आधी विचारा. ताणा लावून तयार असेल तर वेळ वाचतो, पण निम्मं शिकणं तिथेच बुडतं. खुंट्यांच्या पाटीवर धागे आठच्या आकड्यात गुंडाळायचं काम एकदा तरी स्वतः करा.

सान हुआनला जायला सरोवराकाठच्या पानाहाचेलहून लाँच मिळतात. सकाळीच निघा. दुपारनंतर ‘शोकोमिल’ नावाचा वारा सुटतो आणि पाणी खवळतं. पुढच्या बाकांवर बसलात तर आदळआपट नक्की, म्हणून मागे बसा.

सान हुआन हे त्सुतुहिल मायांचं गाव, आणि नैसर्गिक रंगांसाठी प्रसिद्ध. बायकांच्या सहकारी संस्था गल्लोगल्ली आहेत. किरमिजी किडे निवडुंगावर वाढतात. वाळवलेला किडा तळहातावर चुरडला की गडद लाल, त्यावर लिंबू पिळलं की नारिंगीकडे, चुन्याची निवळी घातली की जांभळ्याकडे. हळदीत चुना घालून कुंकू करणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. निळ्यासाठी नीळ, केशरीसाठी आपल्या ओळखीची शेंदरीची बी, तपकिरीसाठी नारळाची करवंटी. रंग पक्का बसावा म्हणून केळीच्या खोडाचं पाणी वापरतात. आमच्या मुलांनी सगळ्यात जास्त प्रश्न यावरच विचारले. कुयुस्काते नावाचा मुळातच तपकिरी कापूसही इथे बघायला मिळतो. त्याला रंगवायची गरजच नाही.

एक गोष्ट मात्र प्रात्यक्षिकात कुणी ठळकपणे सांगत नाही. गावातल्या बायका रोज नेसतात ते कापड बहुतेक गिरणीच्या चमकदार, कृत्रिम रंगांच्या सुताचं असतं. वनस्पतींचे रंग आज मुख्यतः पर्यटकांसाठी आणि निर्यातीसाठी आहेत. यात फसवणूक काही नाही, पण ‘हजारो वर्षांची अखंड परंपरा’ असं प्रबंधात लिहून मोकळं होऊ नका. रस्त्यानं जाणाऱ्या बाईचा झगझगीत गुलाबी विपीलही तेवढाच खरा आहे.

आम्ही आधी आरक्षण केलेल्या एका ठिकाणी दिवसभराचा वर्ग म्हणून पैसे घेतले आणि प्रत्यक्षात एका मागावर सगळी मुलं पाळीपाळीनं बसवली. बाकीचा वेळ दुकानात. म्हणून ‘प्रत्येकाला स्वतंत्र माग मिळेल का?’ हा प्रश्न लेखी विचारा.

शेला सुमारे २,३३० मीटरवर आहे. रात्री चांगलीच थंडी पडते, स्वेटर हवाच. इथे त्रामा तेक्स्तिलेस ही विणकर बायकांची संघटना १९८८ पासून आहे आणि ती वर्ग घेते. १९६० ते १९९६ चाललेल्या यादवीत मायांची गावंच्या गावं उद्ध्वस्त झाली. अशा अनेक संस्थांच्या मुळाशी घरातला पुरुष गमावलेल्या बायकांचं पोट आहे. तो विषय मुलांनी खोदून विचारू नये, कुणी सांगितलं तर ऐकावं, एवढं मी आधीच बजावून ठेवलं होतं.

शेलाजवळच्या साल्काहात ‘हास्पे’ होतं, म्हणजे धागा आधी बांधून, रंगवून मग विणायचा. पोचमपल्ली पाहिलेल्यांना तत्त्व नवीन नाही. पण इथे हे कापड मुख्यतः ‘कोर्ते’ या नेसायच्या स्कर्टसाठी, आणि ते विणलं जातं स्पॅनिश लोकांनी आणलेल्या पावड्यांच्या मोठ्या मागावर, बहुतेक पुरुषांकडून. कमरेचा माग बायकांचा, पायाचा माग पुरुषांचा, ही वाटणी एकदा डोळ्यांनी बघितली की पुढचं बरंच उलगडतं. अर्धा दिवस पुरे.

चिचिकास्तेनांगोचा बाजार गुरुवारी आणि रविवारी भरतो. बघायला जरूर जा, शिकायला नाही. हातविणीच्या विपीलवरची नक्षी मशीननं छापून स्वस्तात विकायचं प्रमाण वाढलंय. उलटी बाजू पांढरट दिसली की समजा छपाई आहे. २०१६ मध्ये माया विणकर बायका आपल्या नक्षीवरचा सामूहिक हक्क मागत घटनात्मक न्यायालयात गेल्या, त्यामागे हेच दुखणं होतं. तेव्हा नमुन्यांचे फोटो काढून परत आल्यावर ‘आपलं कलेक्शन’ काढणार असाल तर आधी विचारा. माणसांचे, विशेषतः लहान मुलांचे फोटोही विचारल्याशिवाय नकोत. घासाघीस थोडी चालते, पण मागावर बसून आलेल्या आमच्या मुलांचीच जीभ रेटेना.

आता संग्रहालय. राजधानीतलं इश्चेल हे माया वस्त्रांचं संग्रहालय फ्रान्सिस्को मारोकिन विद्यापीठाच्या आवारात आहे. सगळे उतरल्या दिवशीच ते उरकतात, कारण विमान तिथेच उतरतं. तेव्हा काचेमागे फक्त रंग दिसतात. आम्ही परतीच्या आधी गेलो, तर मुलं एकेका विपीलपुढे ‘इथे जादा बाणा’, ‘हे दोन पट्टे वेगळे विणून मधे जोडलेत’, ‘चारी काठ शाबूत आहेत, कात्री लागलेलीच नाही’ असं भांडत होती. रविवार टाळा, बंद असतं.

बाकी किरकोळ. भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेमार्गे जायचं तर नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. युरोपमार्गे असेल तर तिथल्या ट्रान्झिट व्हिसाचं आधी बघा. ग्वाटेमालाचा दूतावास दिल्लीत आहे, तिकिटं काढायच्या आधी तिथे विचारा. चलन केत्साल, डॉलरला साधारण पावणेआठ. गावांत रोख आणि सुटे लागतात. शाकाहारींचं मक्याची तोर्तिया, काळा घेवडा, अंडी, अव्होकाडो यावर भागतं, पण घेवड्यात डुकराची चरबी असू शकते, विचारून घ्या. गुडघ्यांखाली घ्यायला छोटी उशी न्या. माग गुंडाळून घरी आणता येतो, मात्र ती तलवारीसारखी पट्टी हातातल्या बॅगेत ठेवू नका, सुरक्षा तपासणीत अडेल. कोरडे महिने नोव्हेंबर ते एप्रिल. त्यात ईस्टरच्या आधीचा आठवडा आला तर अँटिग्वात रंगीत भुश्शाचे गालिचे बघायला मिळतील, पण खोली कित्येक महिने आधी धरावी लागेल आणि त्या आठवड्यात शिकवायला बाई मिळतील ही आशा सोडा.