पुरे कोण म्हणणार?

रात्री अडीचला जाग आली ती कशानं, हे कळायला जरा वेळ लागला. आवाज झाला म्हणून नव्हे, आवाज थांबला नाही म्हणून. तळघरातल्या फर्नेसच्या, म्हणजे गॅस जाळून घरभर गरम हवा सोडणाऱ्या यंत्राच्या, घरघरीची कानाला सवय झालेली असते. ती सुरू होते, दहा-पंधरा मिनिटं घरभर ऊब वाटत फिरते आणि गप्प होते. त्या गप्प होण्याच्या भरवशावरच आपण झोपतो. त्या रात्री बाई काही गप्प होईनात.

"अगं, थंडी वाढलीय म्हणून चालत असेल," नवरा पांघरुणातून म्हणाला.

हे अगदीच चूक नव्हतं. हिवाळ्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी जेमतेम पुरेल, अशा बेतानं फर्नेसचं माप ठरवतात. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत ती तासन्‌तास चालली तर काळजीचं कारण नसतं. पण बाहेर तशी थंडी नव्हती. शिवाय जमिनीतल्या जाळीवर हात धरला तर येणारा वारा जेमतेम कोमट. आणि किती ऊब हवी ते जिथं ठरवायचं, तो भिंतीवरचा थर्मोस्टॅट सांगत होता: मागितलेत 20 अंश, आहेत 17.

बॅटरी घेऊन तळघरात उतरले. 'फर्नेस बंदच होत नाही' या एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी असतात, हे मला तिथं त्या पेटीसमोर उकिडवं बसल्यावर समजलं. आत आग आहे आणि वारा आहे. आग बर्नरची, वारा ब्लोअरचा. दोघं एकाच पेटीत राहतात, पण त्यांची वेळापत्रकं निराळी. आग आधी पेटते, धातूच्या भिंती तापवते, मग ब्लोअर जागा होऊन त्या भिंतींवरून घराची हवा फिरवतो. आग विझल्यावरही तो मिनिट-दोन मिनिटं मागं राहतो, भांड्याला चिकटलेलं निपटून घ्यावं तशी उरलीसुरली ऊब गोळा करत. म्हणून आधी विचारायचं ते हे, की चालू काय आहे? आग की नुसताच वारा?

नुसता वारा असेल तर पहिला संशय थर्मोस्टॅटवरच्या पंख्याच्या बटणाचा. ते 'ऑटो'वरून 'ऑन'वर सरकलं की आग असो-नसो, ब्लोअर दिवसरात्र फिरत राहतो. धूळ पुसताना हे सहज होतं. कित्येक घरांत तंत्रज्ञ येतो, एका बोटानं ते बटण सरकवतो आणि काखेतला कळसा मालकाच्या हातात देऊन जातो. मी वर जाऊन पाहून आले. आमचं 'ऑटो'वरच होतं. थोडी निराशाच झाली.

फर्नेसच्या दारातल्या काचेच्या डोळ्यातून पाहिलं तर ज्योत नव्हती आणि ब्लोअर जोरात होता. चार-पाच मिनिटांनी खट्ट झालं, धूर बाहेर ओढणारा छोटा पंखा गुणगुणला, निळी ज्योत रांगेनं पेटली. मला हायसं वाटतंय तोवर ती पुन्हा विझली. वारा मात्र चालूच. पुन्हा थोड्या वेळानं तेच. एक बारीक दिवा आत लुकलुकत होता. त्याची लुकलुक मोजायची आणि तिचा अर्थ दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या तक्त्यात पाहायचा, अशी सोय असते. आता तो तक्ता वाचायला दार काढावं तर दारामागचा सुरक्षेचा खटका वीज तोडतो आणि दिवाच विझतो. ही सोय ज्यानं केली त्याच्याशी एकदा निवांत बोलायचं आहे. मी आधी मोजलं, मग दार काढलं. तक्त्यानं सांगितलं की आतली उष्णता मर्यादेबाहेर गेली आहे.

घर गारठलेलं आणि फर्नेसला ताप! उलगडा झाला तो हवेतली धूळ गाळणारा फिल्टर ओढून काढल्यावर. पांढरा म्हणून बसवलेला तो पुठ्ठ्याच्या चौकटीतला फिल्टर करड्या गोधडीसारखा दिसत होता. बोटानं दाबला तर ठसा उमटला. त्यातून हवा जाईना, म्हणून आतल्या भिंती नको तेवढ्या तापत. तिथं एक लिमिट स्विच असतो. तो घाबरून गॅस तोडायचा आणि ब्लोअरला फिरतं ठेवायचा, भिंती निवेपर्यंत. निवल्या की पुन्हा आग, पुन्हा ताप. या धावपळीत घरापर्यंत पुरेशी ऊब पोचायचीच नाही. मग थर्मोस्टॅटनं 'पुरे' म्हणायचं तरी कशावर?

आम्ही दोघं मात्र आठवडाभर काय करत होतो, तर थर्मोस्टॅटचा आकडा वाढवत होतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. नवा फिल्टर घातला, त्याच्या कडेवरचा बाण ब्लोअरकडे तोंड करून, आणि पहाटे पाचला फर्नेस स्वतःहून गप्प झाली. त्या शांततेत मला अजिबात झोप लागली नाही.

तेव्हापासून मला त्या थर्मोस्टॅटविषयी आदर वाटू लागला. फर्नेस ताकदवान खरी, पण तिला घर किती तापलं याची काही कल्पना नसते. ती तळघरात, अंधारात. ऊब हवी म्हटलं की जळायचं, पुरे म्हटलं की थांबायचं, एवढंच तिला ठाऊक. थर्मोस्टॅट हा शब्द अँड्र्यू युअर या स्कॉटिश रसायनतज्ज्ञानं 1830 मध्ये वापरात आणला. दोन धातूंची जोडपट्टी ही त्याची युक्ती. एक धातू उष्णतेनं जास्त पसरतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी वाकते आणि वाकली की खटका पडतो. अशी जोडपट्टी त्याआधी, अठराव्या शतकात, जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीनं जहाजावरच्या घड्याळासाठी केली होती. पण मला जवळचा वाटतो तो वॉरन जॉन्सन, अमेरिकेत व्हाइटवॉटरला शिकवणारा प्राध्यापक. त्याच्या वर्गात ऊब किती आहे ते पाहायला इमारतीचा शिपाई दर थोड्या वेळानं दार उघडून आत यायचा, तापमापक बघायचा आणि तळघरातली झडप कमी-जास्त करायला जायचा. शिकवण्याचा विचका. जॉन्सननं खोलीपासून तळघरापर्यंत तार नेली आणि खोलीचं तापमान खाली घंटा वाजवून कळेल अशी व्यवस्था केली. 1883 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. म्हणजे मुळात काय, तर खोलीचा निरोप तळघराला पोचवणारी एक तार.

ही तार मला महिन्याभरानं चांगलीच भेटली.

या वेळी तक्रार उलटी होती. आग विझतच नव्हती. मागितलेत 20, आकडा 25 वर आणि चढताच. थर्मोस्टॅट खाली खाली आणत 10 वर नेला, फर्नेस ढिम्म. काचेतून पाहिलं तर ज्योत निळी, सरळ, समाधानी. (ती पिवळी होऊन लवलवत असती तर पुढचं काही न करता फर्नेस बंद करून मी तंत्रज्ञाला बोलावलं असतं. अशा ज्योतीतून निघू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. त्याचा अलार्म घरात असतो तो याचसाठी.) नवरा म्हणाला, "थर्मोस्टॅट गेला. नवा घेऊ." मीही मनातल्या मनात त्याला फाशी देऊन टाकली होती. तरी एक करून पाहिलं. वीज बंद केली, थर्मोस्टॅट भिंतीवरून अलगद काढून घेतला, वीज परत लावली. आता भिंतीवर सांगणारं कुणी उरलंच नव्हतं. तरी खाली आग पेटली.

थर्मोस्टॅट म्हणजे करतो तरी काय? त्याच्यापर्यंत बारीक तारा येतात, 24 व्होल्टच्या. ऊब हवी असली की तो त्यांतल्या दोन एकमेकींना जोडतो, बहुतेक ठिकाणी लाल आणि पांढरी. पुरे झालं की सोडवतो. बस. थर्मोस्टॅट माझ्या हातात असताना त्या दोघी कुठंतरी एकमेकींना भेटत असणार, किंवा फर्नेसच्या आतल्या विजेच्या बोर्डावरचा रिले, म्हणजे आपोआप पडणारा खटका, चिकटलेला असणार. बोर्ड आणि गॅसचा व्हॉल्व्ह हे माझ्या हाताचं काम नव्हे. फर्नेसशेजारचा स्विच बंद केला, स्वेटर घातले आणि तंत्रज्ञाची वाट पाहिली.

त्यानं आल्या आल्या बोर्डावरची पांढरी तार सोडवली. आग विझली. ब्लोअर आणखी थोडा फिरून थांबला. म्हणजे बोर्ड निर्दोष, व्हॉल्व्ह निर्दोष. मग तो बॅटरीच्या उजेडात तारेच्या मागोमाग निघाला, जिन्याखालून, तुळईवरून, कोपऱ्यातून, आणि माझ्या फळीपाशी थांबला. ही फळी मी शरद ऋतूत स्वतः ठोकली होती आणि तिचं कौतुक चारचौघांत करूनही झालं होतं. तिच्या एका स्क्रूनं मागची केबल तासली होती. मागच्याच आठवड्यात फळीवर जुन्या पुस्तकांचं खोकं चढवलं. फळी केसभर खाली बसली आणि त्या लोखंडानं लाल-पांढरीची गाठ घालून दिली. त्यानं विचारलं, ही फळी कुणी लावली? नवऱ्यानं छताकडे पाहिलं. एरवी त्याला इतकं मोठं मन नसतं.

तारेचा नवा तुकडा जोडायला वीस मिनिटं लागली. फळी काढून भिंतीला टेकवून ठेवली आहे. पुस्तकांचं खोकं जिन्यात.

त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या कान लावून ऐकत होते. सुरू झाली. बऱ्याच वेळानं खाली खट्ट झालं, आग गेली. पण वारा येतच राहिला. मी उठून बसले आणि चपला शोधू लागले.

"अगं, दोन मिनिटं थांब," पांघरुणातून आवाज आला.

मी आकडे मोजायला लागले. एकशे सातला ती गप्प झाली.